हललेला फोटो

कर्जत, ता. २६ नोव्हेंबर १९१७

चि. सौ. इंदूस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. कशेळ्याहून परवा निघालो तो सुखरूप पोचलो. बैलगाडीत फोटोच्या काचांची पेटी मांडीवर घेऊन बसलो. माझी हाडं खिळखिळी झाली, पण काच शाबूत राहिली.

भाचा मात्र लाखात एक! गिरगावच्या स्टुडिओत असताना शेटसावकारांची तान्ही बाळं पुष्कळ काढली, पण कॅमेऱ्यापुढं असं शहाणं मूल पाहिलं नाही. झाकण काढून मी सावकाश आकडे मोजले, तरी पठ्ठ्या तसूभर हलला नाही. तुझ्या सासूबाईंनी, भागूबाईंनी, त्याला अंगणात आणून धरला खरा, पण कुंची इतकी पुढं ओढलेली की कपाळाची गोलाई आणि तीट एवढंच दिसतं. पाचवीच्या आधी बाहेरच्याला बाळाचं तोंड दाखवायचं नाही, म्हणून मीही हट्ट केला नाही. दिवस कलला होता, गाडीवान घाई करत होता, तेव्हा एकच काच काढून निघालो.

एक प्रत आजच मालोजीरावांना बसऱ्याच्या पलटणीत पाठवली. तुमची पहिली लेक त्यांच्या नजरेला न पडताच गेली, तेव्हापासून ते नुसत्या पत्रावर विश्वास ठेवत नाहीत. आता फोटोच बोलेल. सोबत अळीव पाठवतो, ते न कुरकुरता खा. माया आहे ती खुशालीच्या पत्रातून कळवत जा. हे आशीर्वाद.
कोंडाजी

कशेळे, ता. २९ नोव्हेंबर १९१७

तीर्थरूप दादांस इंदूचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. रागावू नका, पण तुम्ही ज्याचा फोटो नेलात तो तुमचा भाचा नव्हे. तो आमचा वरवंटा.

सासूबाईंनी तुम्हाला फसवलं नाही हो. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात, मग बाळ, म्हणजे काय इडापिडा असेल ती दगडावर जाते. मशिनीपुढंही तीच रीत, असं त्यांनी धरलं. मला म्हणाल्या, ‘आदी दगूड दावला, मंग पोराला आणाया आत आले, तं तुजा भाव गाडीत बसून गेला बी.’ बाळाला नवं अंगडं घालून त्या दारात येतात, तर लांबवर नुसता धुरळा. तेव्हापासून त्या तुमच्यावर रुसल्या आहेत. तुमच्या त्या शहाण्या भाच्यानं आज त्यांनी माझ्यासाठी खोबरं वाटलं.

मी पोट धरून हसले, आणि मग रडू आलं. मागच्या वेळी लेक आजारी असताना सगळ्यांनी यांना ‘बरं आहे’ असंच लिहिलं होतं. आता तोंड झाकलेलं, न हलणारं काहीतरी त्यांच्या हाती पडणार. मी त्यांना खरं लिहिलं आहे, पण ते मानतील तेव्हा. तुम्ही बारशाला या आणि खरं बाळ काढा. ते घटकाभर गप्प राहत नाही. बहिणीवरचा लोभ पातळ होऊ देऊ नका. हे विज्ञापना.
इंदू

बसरा, ता. २० डिसेंबर १९१७

तीर्थस्वरूप दादांस मालोजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. फोटो पोचला. पलटणीतले वाहवा करतात. मी मात्र त्यात आईचे हात तेवढे पाहतो. जित्या पोराच्या मानेखाली बाई हात घालते. आईनं मुठीत धरलंय.

इंदू लिहिते की तो वरवंटा होता. दादा, रडू लपवायला माणूस काय वाटेल ते लिहितं. मागच्या वेळीही सगळं बरंच होतं. तिला विचारून तिचं दुःख वाढवायचं नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. माझा मुलगा आहे का? असेल ते लिहा, मी सोसेन. अन्नावर वासना राहिली नाही. आजवर माया केलीत, तिला जागून खरं कळवा. हे विनंती.
मालोजी

कर्जत, ता. १० जानेवारी १९१८

रा. रा. मालोजीराव यांस कोंडाजीचा रामराम. वि. वि. तुमचं पत्र वाचलं आणि तसाच उत्तराला बसलो. तो वरवंटाच होता, देवाशपथ. तुमचा मुलगा खणखणीत आहे. नाव जयवंता ठेवलं.

मी बारशाला गेलो होतो. भागूबाई रुसवा सोडून स्वतः त्याला मांडीवर घेऊन बसल्या. आधी वरवंटा काढायला लावला, तोही काढला. मग जयवंताची पाळी आली. त्यानं असा दंगा मांडला की सगळ्या काचा वाया गेल्या. एकीत डोकी दोन आणि मुठी चार आल्यात, आणि भागूबाईंच्या नाकावर त्याची टाच आहे. असला फोटो माझ्या दुकानातून जाऊ नये म्हणून पाठवला नव्हता. चांगला काढून मग पाठवू म्हणत बसलो. आता त्यांतला सगळ्यात वाईट सोबत जोडतो. हसा, पण जेवा. मेव्हण्यावर लोभ ठेवा, त्याच्या कारागिरीवर नको. हे विनंती.
कोंडाजी

बसरा, ता. ४ फेब्रुवारी १९१८

तीर्थस्वरूप दादांस मालोजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. फोटो पोचला. डोकी दोन, मुठी चार, सगळं मोजून घेतलं. आईच्या नाकावरची टाच माझ्या नखाएवढी आहे. मी फोटो घेऊन तंबूमागं गेलो आणि पोटभर रडलो. मग दोन वेळचं एकदम जेवलो.

आईला सांगा, वरवंट्याचा फोटोही जपून ठेवलाय. माझ्या पोराची पीडा त्यानं घेतली, त्याला टाकवत नाही. आता चांगला फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. पलटणीतले हा उलटसुलट करून विचारतात, यात तुझं पोर कुठलं. मी सांगतो, हललंय ते माझं. तुमच्या पायाशी माझा लोभ आहे, तो तिथंच राहू द्या. हे विनंती.
मालोजी