माझ्या नावावरची सर्व्हिस

३ मार्च

फोडणार. ठरलं! औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी आणि दुकानदारांसाठी आम्ही सोळा वर्षं पोसलेला तो एकच मोठा प्रोग्राम मोडून त्याच्या लहान लहान सर्व्हिस करायच्या, म्हणजे एकेका कामाचा सुटा प्रोग्राम. प्रत्येक सर्व्हिस क्लाउडवर वेगळी चालणार, प्रत्येकीला एक मालक. गुरुदत्त हसत हसत म्हणाला — "ज्याच्या नावावर काही नाही, त्याचं... बघू." ह्या 'बघू'चा अर्थ नौपाड्यातल्या आमच्या चहावाल्यालाही कळतो.

गुरुदत्त माझ्याबरोबरच लागलेला. मी बाळंतपणाच्या रजेवर असताना हा मॅनेजर झाला.

४ मार्च

बिलिंग विकीला, स्टॉक प्रीतीला. मी मालपरती मागून घेतली. मुदत संपलेली औषधं दुकानदाराकडून कंपनीला परत जातात, तो सगळा व्यवहार. आर्यन पोटात होता तेव्हा लिहिलाय मी तो, सुजलेल्या पायांनी. गुरुदत्त म्हणाला, "घे तूच. बाकी कोणाला ती कळतच नाही." हा मान की टोमणा?

१० मार्च

ऐश्वर्याने माझा कोड तिसऱ्यांदा परत पाठवला! ही आमची नवी आर्किटेक्ट — म्हणजे कुणी काय कसं लिहायचं ते ही ठरवणार. "मेघनाताई, नावं स्टँडर्डप्रमाणे नाहीयेत. टेस्टपण कमी आहेत." ताई म्हणायचं आणि केसाने गळा कापायचा! मी जावा शिकले तेव्हा ही फ्रॉकमध्ये होती.

डबा तसाच घरी आणला. सिद्धेश विचारतो, "अगं, जेवली नाहीस?" काय सांगू त्याला. डोंबिवली येईपर्यंत रडू आवरलं, तेच खूप झालं.

११ मार्च

बदलली सगळी नावं. झालं समाधान?

१९ मार्च

आता म्हणे प्रत्येक सर्व्हिसला बोर्ड हवा. दुकानदाराने बटण दाबलं की एक कॉल — असे रोज किती कॉल येतात ते त्यावर दिसणार. "जुन्यात सगळं एकत्र होतं ना, कोण काय वापरतं ते कळायचंच नाही," इति ऐश्वर्या. तुला नसेल कळत, मला कळतं! सगळ्यांसमोर भांडले. आवाज फारच चढला माझा. विकी मोबाइलमध्ये तोंड घालून बसला.

लावला बोर्ड. आणखी एक फाजील काम.

२४ मार्च

मालपरती सुरू! एकही चूक नाही. मालकाच्या रकान्यात माझं नाव — दोनदा वाचलं. येताना पेढे घेतले. आर्यनला म्हटलं, तुझ्याएवढीच आहे ती. "मम्मी, प्लीज."

३० मार्च

पाडवा. गुढी सिद्धेशनेच उभारली, मी लॅपटॉपवर. विकीच्या बिलिंगवर तक्रारींचा पाऊस. माझ्याकडे एकही नाही!

२ एप्रिल

चहाच्या वेळी प्रीती, अगदी सहज — "परतीचं? अगं, दुकानदार आता डायरेक्ट औषध कंपनीला व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात. कधीपासून!" खोटं बोलते. माझं काही टिकलेलं ह्यांना बघवत नाही.

बोर्ड अजून उघडलेला नाही. वेळ कुठे होता?

वेळ होता. भीती वाटते.

३ एप्रिल

उघडला. मालपरतीला रोज एकच कॉल येतो. सर्व्हिस चालू आहे ना, हे बघायला मीच लावून ठेवलाय तो.