रसिकाच्या खोलीची व्यवस्था

मी, दौलत भिवा साळसकर, वय ६८, धंदा मोटार रिवाइंडिंग (पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळणे), राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, डॉ. मंदाकिनी गोखले यांनी तसं तपासून खाली सही केली आहे. बुधवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. घोर त्याचा नाही, मुलीचा आहे.

१. माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. मालवणहून आलो तेव्हा कळव्याच्या एका कारखान्यात मोटारी उचलायचो. पुढे दिवा स्टेशनजवळ गाळा घेतला. तिथे पाण्याची कायमची बोंब, म्हणून बिल्डिंगी तितके पंप, आणि पंप जळला की मला बोलावणं. दिव्यातल्या लोकांच्या हालांवर माझा संसार उभा राहिला, हे कबूल करतो.

२. गाळा व सर्व हत्यारं एकवीस वर्षं सोबत असलेल्या सुदेश तरे यास द्यावीत. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बेअरिंग कसं ऐकायचं हे मी त्याला शिकवलं, पण तो अजून अंदाजानेच ठोकतो. मेहुणे आनंदराव यांनी लग्नात माझी ओळख "आमचे वायरमन जावई" अशी करून दिली होती. त्यांना माझा जुना टेबल फॅन द्यावा. तो आवाज करतो. दुरुस्त करून देऊ नये.

३. बँकेतील ठेवी पत्नी सुहासिनी हिच्या. मुलगा साईनाथ या मृत्युपत्राचा व्यवस्थापक राहील.

४. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये सुहासिनीने हयातभर राहावं. तिच्यामागे फ्लॅट साईनाथच्या नावे व्हावा. मात्र आतल्या खोलीत राहण्याचा हक्क मुलगी रसिका हिला माझ्या मृत्यूपासून तिच्या हयातीपर्यंत राहील. हा हक्क तिला विकता, गहाण टाकता, बक्षीस देता किंवा कोणत्याही संस्थेला लिहून देता येणार नाही. असं का, ते लिहितो.

तीन वर्षांपूर्वी कल्याणच्या 'निर्मळ स्मृती केंद्रा'चं एक यंत्र माझ्याकडे दुरुस्तीला आलं. दोन पितळी दांडे हातात धरायचे; काटा हलला की मागच्या जन्मीची जखम सापडली म्हणे. मी उघडून पाहिलं. तळहाताला घाम आला की वीज जास्त वाहते, काटा सरकतो. आत दुसरं काही नव्हतं. मी हसलो आणि अडकलेला काटा झकास मोकळा करून दिला.

आमच्याकडे रिवाज आहे, नग गिऱ्हाईकासमोर चालवून दाखवल्याशिवाय सोडायचा नाही. त्या दिवशी यंत्र घेऊन मी रसिकाला केंद्रात पाठवलं. तिने दांडे धरले. केंद्राच्या मृणालताईंनी विचारलं, "तुला पाण्याची भीती वाटते?" काटा उडाला. पोरीला अकराव्या वर्षापासून फिट येतात, विहिरीजवळ जाऊ नकोस हे ऐकतच ती मोठी झाली. भीती असणारच. बाई म्हणाल्या, "मागच्या जन्मी बुडालीस. फिट त्याचीच आहे."

घरी येऊन ती रडली. मी म्हणालो, "अगं, तो घाम आहे. दांड्यांना बटाटा लावला तरी काटा हलेल."

"बाबा, तुम्हाला मोटार कळते. माणूस नाही."

आतून सुहासिनी म्हणाली, "चला, घरात कोणीतरी बोललं एकदाचं."

मग केंद्राच्या साधनेच्या पायऱ्या सुरू झाल्या. आठव्या पायरीला फिटच्या गोळ्या बंद. नवव्या पायरीला बाप 'बाधक' ठरला, संबंध तोडायचे. चौदा महिने झाले, ती केंद्रातच राहते. साईनाथने मोबाईलवर वाचून दाखवलं की अमेरिकेतल्या सायंटॉलॉजी पंथातही असंच यंत्र आहे, आणि आम्हाला घरच्यांपासून तोडलं असं बाहेर पडलेले काहीजण सांगतात. पंथ ते नाकारतो. तिथलं खरंखोटं मला तपासता येत नाही. इथलं यंत्र मी स्वतः उघडलं होतं, तरी पोरीला त्याच्यासमोर बसवलं.

महिन्यातून एकदा केंद्रवाले तिला घरी फोन करू देतात, तोही त्यांच्यासमोर स्पीकरवर. "मी आनंदात आहे," सांगते. पण श्वास वाक्याच्या मधेच घेते, कागदावरची ओळ संपते तिथे. मागच्या वेळी जीभ जड होती. फिट येऊन गेली की तशीच होते. मी विचारलं, "गोळी घेतलीस का गं?" फोन कट झाला. पोलिसांनी सांगितलं, मुलगी सज्ञान आहे.

५. रसिकाच्या खोलीत तीन महिन्यांच्या गोळ्या कायम असाव्यात. तारीख संपलेली पाकिटं साईनाथने बदलावीत. एक किल्ली शेजारच्या हेमांगी कर्णिक यांच्याकडे राहील. रसिका आली तर आधी जेवायला वाढावं, मग डॉ. गोखले यांना फोन करावा. बंद केलेली गोळी कशी सुरू करायची ते त्या सांगतील. "चुकलं माझं" असं तिच्याकडून वदवून घेऊ नये.

६. मी गेल्यावर तिला साईनाथने स्वतः जाऊन सांगावं. ती आली नाही तर थांबू नये, बोलही लावू नये. "तुझ्या काळजीने गेले" असं घरातल्या कोणीही, सुहासिनीनेही, तिला म्हणू नये. जो म्हणेल त्याचा या मृत्युपत्रातला हिस्सा रद्द समजावा. माझ्या हृदयाची झडप जन्मापासूनच सदोष आहे. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. ती रसिकाला, तिने मागितली नाही तरी, द्यावी.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

दौलत भिवा साळसकर

साक्षीदार:
१. डॉ. मंदाकिनी गोखले
२. हेमांगी कर्णिक

डोंबिवली पूर्व, ११ जानेवारी २०२५