दादाच्या गाडीला हॉर्न

सातारा. आश्विन शुद्ध ४, सन १९४५

अण्णांनी आज निकाल दिला — दादाची मोटरसायकल विकायची! का, तर परवा मिस्त्रीने हॉर्न बसवला, बॅटरीपासून सरळ वायर ओढली. फ्यूज नाही, काही नाही. बटण दाबलं आणि टाकीखालून धूर! आई ओरडली, अण्णांनी बादलीभर पाणी ओतलं, मिस्त्री पसार.

रहिमतपूरचे लालासाहेब लगेच हजर. "आण्णा, दसऱ्याला मला द्या की गाडी! लय दिस नजर हाय माजी."

दादा लढाईवरून सुटून दिवाळीला घरी येतोय, आणि अंगणात त्याची गाडी नाही? मी असताना? "दसऱ्यापर्यंत थांबा, मी नीट करून दाखवते," म्हटलं. अण्णा हसले. हसोत.

शुद्ध ६

जळकी वायर सगळी काढली. दादाने शिकवलं होतं तसंच — आधी बॅटरी सोडवायची, मग बाकी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. पत्र्याच्या भोकात रबर, नाहीतर धारेने वायर कापते. हँडलाशी वायर मुद्दाम ढिली, वळताना ताण नको. बटण डाव्या मुठीजवळ, दादाच्या अंगठ्याला बरोबर सापडेल असं. झकास जमलंय!

शुद्ध ८

हॉर्न वाजवला. शेजारच्या साळूबाई दळण टाकून बाहेर!

खंडेनवमी

गाडी पूजेला मांडली. आईने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली — आणि माझी ढिली वायर "लोंबतेय, बरं दिसत नाही" म्हणून माळेच्या दोऱ्याने ताणून सांगाड्याला बांधून टाकली! मला पत्ताच नाही. अण्णांसमोर ऐटीत हँडल वळवलं. कट्! वायर तुटून पत्र्याला टेकली. अण्णा बादलीकडे धावले.

धूर? नाव नाही! फक्त फ्यूजची तार जळाली. बाकीच्या वायरला हात लावून दाखवला — गार. तिथल्या तिथे नवा तुकडा जोडला, नवी तार घातली, हॉर्न वाजवला.

अण्णांनी बादली खाली ठेवली. मग लालासाहेबांना निरोप — गाडी विकायची नाही. जिंकले!! आईवर मी रागावणार होते, पण माळ घालताना ती दादाचं नाव घेत होती. कशी रागावू?

वसुबारस

दादा आला. डावी बाही रिकामी. कुणालाच कळवलं नव्हतं त्याने. मी खूप रडले.

संध्याकाळी त्याने गाडीभोवती फेरी मारली. उजवा हात पलीकडे नेऊन बटण दाबलं. "पद्मे, फक्कड केलंयस गं. पण डाव्या मुठीतला क्लच आता कोण धरणार?"

मी, म्हटलं. उद्यापासून शिकव.