मुठीचा डबा

९ नोव्हेंबर, रविवार

सर्रर्र — रिकाम्या डब्यात मूठभर जवारी पडल्याचा आवाज. पहाटे झोपेत ऐकला आणि जागा झालो. घरात तसला डबा नाही, जवारी नाही, टाकणारीही नाही. आवाज तेवढा आला, माझ्या लहानपणापासून चालत चालत.

आई भाकरीचं पीठ काढायच्या आधी जवारीची एक मूठ चुलीजवळच्या डब्यात टाकायची. "ही देवाची." आम्ही पोरं अर्धपोटी निजलो त्या दिवशीसुद्धा तिची मूठ चुकली नाही. रविवारी डबा डोक्यावर घेऊन चर्चला. सगळ्या ख्रिस्ती घरांतून अशाच बाया निघायच्या, चर्चमधल्या पोत्यात आपापला डबा ओतायच्या. त्यावर पाळकाचं घर चालायचं. माझी भामासुद्धा शेवटच्या आजारापर्यंत मूठ टाकत होती.

आता पाळकसाहेब बीडहून मोटारसायकलवर येतात. पगारी आहेत. पण बायांनी मूठ सोडलेली नाही. पोती भिंतीला टेकून उभी असतात. बंकट ती वर्षाला विकतो आणि चर्चमध्ये काहीतरी बसवतो. गेल्या साली पंखे. यंदा छत — पांढरं, प्लास्टिकचं, गुळगुळीत. बंकट आमच्या पंचांचा म्होरक्या. सरळ माणूस. फक्त त्याला चर्च म्हटलं की भिंतीच दिसतात.

उपासना चालू असताना मी खिडकीबाहेर बघत होतो. जुनी खोड. शाळेत याच्यासाठीच छड्या खाल्ल्या. समोर वस्ती. अर्ध्या दारांना कुलपं. दिवाळी झाली, कोयते ऊसतोडीला गेले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आमच्याकडं माणसं अशीच मोजतात. मागं राहिली ती म्हातारी, कुलपांच्या मधल्या उघड्या दारांत बसलेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कडूबाईकडं गेलतो. गल्लीच्या पलीकडं घर. माझ्याच वयाची, जन्म शेळ्यांमागं गेला. मुलगा सिदू, सून बबिता, दोघं कारखान्यावर, पार सांगलीकडं. ट्रॅक्टर हलला तेव्हा सिदू वरून म्हणाला होता, "काका, आईकडं ध्यान ठेवा." मी हात वर केला. म्हणजे शब्दच दिला की!

आज बघितलं — चूल थंड. राखेवर मांजर निजलेलं. पितळीत पाणी, पाण्यात भाकरीचा तुकडा भिजत घातलेला.

"कवाची ही?"

"परवाची असंल."

"रोज ताजी करायला काय झालं?"

"एकटीसाठी कावून चूल पेटवू, धोंडीभाऊ? मांजराची झोप मोडंल."

हसली. पण बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. दिवाळीत त्या मनगटावर थांबायच्या. सिदू परत येईल तेव्हा कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, उन्हाळा लागलेला असेल. तोवर ही टिकते का नाही?

घरी आलो. चहात खारी बुडवली. माझं काय, खारी असली की रात्र निघते.

१६ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर पंच बसले. मी उभा राहिलो. आयुष्यभर या गावात टपाल वाटलं, कुठल्या उंबऱ्याआड कोण आहे मला पाठ आहे. म्हणालो, यंदा पोती विकू नका. शिजवू या. मागच्या खोलीत, जिथं पूर्वी मिशनची शाळा भरायची तिथं, दुपारचं जेवण. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी. कुठल्याही जातीच्या, कुठल्याही देवाच्या.

बंकट : "धोंडीराम, आपण मंडळी हाय. खानावळ न्हाई."

मी : "मंडळी कुणासाठी हाय?"

"आन् गाव म्हनंल, भाकर दाखवून बाटवायलेत. मग?"

हे मात्र खरं. पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "जेवणाआधी उपदेश नको. जेवणानंतरही नको. पाटी लावायची नाही, फोटो काढायचा नाही. कुणी विचारलं तर सांगू, जवारी होती म्हणून शिजवली."

बंकटनं तरी मान हलवली नाही. तेव्हा मागून त्याचीच सून राजश्री बोलली, डोक्यावरचा पदर सारखा करत — "मामा, पोती आमच्या मुठीची हायत. आमाला इचारा की. आमी शिजवतो."

बायांत खसखस पिकली. बंकटनं माझ्याकडं असं बघितलं, जणू तिला मीच पढवून आणलं.

नाताळापर्यंत मुदत मिळाली. खोली रिकामी राहिली तर छत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शाळेची खोली झाडली. भिंतीवर फळ्याचा काळा चौकोन अजून आहे. तिथं उभं राहून लहानपणची एक कविता म्हणून बघितली — चालीवर, मान डोलवत, जशी गुरुजी म्हणवून घ्यायचे. तिसऱ्या कडव्याला अडलो. रिकाम्या खोलीत अडलं तर लाज वाटत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहिला दिवस. येसराची आमटी, भाकरी, ठेचा. वास पार पाराच्या कट्ट्यापर्यंत गेला असणार. पंगतीच्या पट्ट्या अंथरल्या. दार सताड उघडं.

कुणी आलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही नाही. कुत्री आली. कुत्र्यांची मुदत नाताळापर्यंत नाही, ती रोज येतील.

२३ नोव्हेंबर, रविवार

बंकट चर्चच्या दारात — "काय बे धोंड्या, छताचं माप घेऊ का?" बालमित्र आहे, असंच बोलतो. मी म्हणालो, घे, माप घ्यायला काय जातंय. बसवू मात्र नको.

मला खात्री आहे. कशाची ते नीट सांगता येत नाही. शाळेत गणित सुटायच्या आधी व्हायची, तशी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शेवटी कडूबाईला विचारलंच. "आमचा देव आडवा येतो का?"

ती शेळीचा खूर बघत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्या देवाशी माजं भांडण न्हाई. त्यो काय माज्या शेळ्या न्हाई चोरत. फुकटाशी हाय."

"म्हणजे?"

"सिद्या कारखान्यावर गेलाय, मेला न्हाई. मी तुमच्या पंगतीला बसले तर गाव काय म्हनंल? पोरानं आईला दुसऱ्याच्या ताटावर टाकली. त्यो तिकडं ऊस तोडतोय आन् हिकडं मी त्येचं नाक कापू?" मग वर बघितलं. "तुमी लई चांगले हाव, धोंडीभाऊ. पर तुमाला द्यायचंच ठाव हाय. जल्मभर टपाल दिलं. कुणाच्या दारात काही मागितलंय का कधी?"

उठून आलो. आणि गल्लीच्या मध्यावर थांबलो. सर्रर्र — तोच आवाज!

आम्ही सगळं चुकलो होतो. गावाला शिजलेली भाकर दाखवली. मूठ मागितलीच नाही. मूठ फक्त आपल्या मंडळीची, ही आमची पिढ्यान्पिढ्यांची समजूत. ख्रिस्ती घराबाहेर डबा कधी नेलाच नव्हता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

राजश्रीला सांगितलं. ती हातातली परात खाली ठेवून हसायला लागली. "आप्पा, ज्यांना जेवायला घालायचं त्यांच्याच दारात मागायला जायचं?"

"हो."

"पाळकसाहेबांला काय सांगू?"

"सांग, म्हातारा भीक मागत फिरतोय."

२६ नोव्हेंबर, बुधवार

भामाचा जुना डबा राजश्रीकडंच होता. तो घेऊन निघालो. दारादारांत एकच वाक्य — "पंगतीसाठी मूठभर जवारी टाका."

लोकांचे चेहरे बघण्यासारखे! टपालवाला काही घेऊन येतो, घेऊन जात नाही. कचरू, तात्या म्हणतात त्याला, विहारापलीकडं राहतो, पोरगी-जावई पुण्यात. तो चष्मा पुसत म्हणाला, "कोणाची पंगत?" मी म्हणालो, आपल्या सगळ्यांची. "मग मूठ कावून? हे घे." त्यानं शेरभर ओतली. मी उरलेली परत केली. म्हटलं, मूठ म्हणजे मूठच. रागावला. मग हसला.

कडूबाईच्या दारात शेवटी गेलो. तिनं डब्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आत गेली ती येईचना. मडक्यांचे आवाज. मग बाहेर आली, मूठ घट्ट मिटून. डब्यावर धरून उघडली. आवाज झाला. दाणे बऱ्याच दाण्यांवर पडले म्हणून तो पहाटेसारखा सर्रर्र नव्हता. बोदा होता. मला चालला.

"उद्या तुझ्या जवारीची भाकर होईल," म्हणालो. "ये, नाहीतर नको येऊ."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आले. कचरूतात्या आधी, मागून एकेक. कडूबाई सगळ्यांत शेवटी, स्वतःची पितळी घेऊन. दाराशीच बसली, शेळ्या दिसल्या पाहिजेत म्हणून.

पहिल्या घासाला म्हणाली, "भाकर जाड झाली. कोन थापतंय?"

आत राजश्रीचा चेहरा पडला. मला मात्र ते बोलणं ऐकून इतकं बरं वाटलं! फुकटचं खाणारा असा बोलत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज भाकऱ्या कडूबाईनं थापल्या. राजश्रीला म्हणाली, "सर तिकडं, पोरी."

५ डिसेंबर, शुक्रवार

जेवणं झाल्यावर कुणीच उठत नाही आता. ऊन खिडकीतून पट्टीवर येतं, तिथं बसून राहतात. मी फळ्याच्या काळ्या चौकोनापुढं उभा राहून ती कविता म्हणत होतो. पुन्हा तिसऱ्या कडव्याला अडलो.

आणि दाराशी बसलेल्या कडूबाईनं पुढची ओळ म्हटली. चालीसकट!

ती शाळेत एक दिवस गेलेली नाही. "तुला कशी येते?"

"तुमी आत घोकत व्हता. मी ह्या खिडकीच्या भायेर शेळ्या घेऊन. तुमचं तेवढंच माजं पाठ झालं." पितळी पदरानं पुसत म्हणाली, "भायेर उलटं नीट ऐकू यायचं. आत तुमी लई कालवा करायचे."

शाळेची सगळी वर्षं मी त्याच खिडकीतून बाहेर बघत होतो. ती कधीच दिसली नव्हती.

१४ डिसेंबर, रविवार

पाळकसाहेबांनी उपदेश आटोपता घेतला, कारण भाकरीचा वास आत यायला लागला होता. रविवारी पंगत नसते. आज कडूबाईनं स्वतःच चूल पेटवली. म्हणे, रविवारी भूक लागत न्हाई का?

पोती उतरत चालली, पण गावातनं मूठ येते. कचरूतात्यानं फाटकाची बिजागरी बसवून दिली. बंकट छताचं बोलत नाही. काल पंगतीत पाणी वाढताना पकडला. म्हणाला, "पानी वाढलं म्हंजी मी मान्य केलं असं न्हाई." बरं, म्हणालो.

माझं काम वाढप्याचं. वाढप्यानं शेवटी खायचं, आणि शेवटी फारसं उरत नाही. ठीक आहे. कडूबाईच्या बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या. सिदूचा फोन आला होता, त्याला हेच सांगितलं.

२१ डिसेंबर, रविवार

मुलाचा, जीवनचा फोन. नाताळाला येत नाही, सुट्टी मिळाली नाही. "पप्पा, समजून घ्या." समजून घेतलं. मी त्याला विचारणार होतो, तू तिथं काय खातोस. त्याआधी त्यानंच विचारलं, "जेवलात का?" हो म्हणालो.

खारीचा पुडा संपला आहे.

२३ डिसेंबर, मंगळवार

काल-आज पंगतीला गेलो नाही. अंग कसकसतंय, असं राजश्रीला कळवलं. तसं काही नाही. तिथं आता माझ्यावाचून अडत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. हेच तर करायचं होतं. गल्लीतून भांड्यांचा आवाज येतो. अंथरुणात पडून कविता आठवून बघितली — तिसरं कडवं आता येतं.

२४ डिसेंबर, बुधवार

दार वाजलं. वाटलं, राजश्री. उघडलं तर कडूबाई. इतक्या वर्षांत माझ्या दारात पहिल्यांदा. कडेवर भामाचा डबा, आत तळाला दाणे. माझ्या खांद्यावरून आत बघितलं — गॅसची शेगडी, तिच्यावर धूळ. बराच वेळ बघितलं.

"समद्यांची मूठ आली. तुमची एकट्याची न्हाई, पहिल्या दिसापासून. टाका. आन् आज वाढायचं न्हाई, पंगतीत बसायचं."

मी म्हणालो, घरात जवारी नाही.

"मग आना दुकानातनं. मी बसते."

बसली आहे. उंबऱ्यावर, डबा मांडीवर. हे एवढं लिहिलं, चप्पल शोधतो.