दुसरी सिरिंज

माय,

तुझ्या उजव्या डोळ्याबद्दल लिहितो आहे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली.

मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये, असं घाटंजीच्या बाजारात तुला कुणीतरी सांगितलं होतं. त्यात कापसाची वेचणी. तू माझ्याकडे ऑपरेशनला आलीस तेव्हा डोळ्यातलं भिंग तपकिरी, दगडासारखं झालं होतं. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो मेला की पुन्हा येत नाही, बुबुळ पांढुरकं होतं. म्हणून भिंग फोडण्याआधी डोळ्यात घट्ट, पारदर्शक जेल भरतात. यंत्राच्या पाण्याबरोबर ते वाहून जातं. भिंग टणक असेल तर थांबून पुन्हा भरायचं असतं. हे मी शिकलो होतो, शिकवतही होतो.

निम्मं भिंग निघालं आहे. सिस्टर विचारतात, "सर, दुसरी सिरिंज देऊ?" जेलची सिरिंज त्यांच्या हातातच आहे. मी म्हणतो, "राहू द्या. होतच आलंय." घाई कसलीच नव्हती. आईच्या डोळ्यावरही माझा हात थांबत नाही, हे मला त्या खोलीतल्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवायचं होतं.

महिन्यानंतरही बुबुळ दुधाळच होतं. चुलीपाशी भाकर थापता थापता तू विचारलंस, "काहून दिसून नाही राह्यलं रे?"

"माय, तू लय पिकू देल्ला. आधी याले पायजे होतं."

"हो बापू, माहीच चूक." मग शेजारणीला हसत म्हणालीस, "पोरगा डोयाचा डाक्टर, अन् मायले अक्कल नाही."

बुबुळ बदलता आलं असतं. नागपूरला नाव नोंदवू म्हटलं, तर तू ऐकेनास. "मेलेल्या मानसाचा डोया माह्यासाठी कायले? ज्याची चूक नाही, त्याले द्या." तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर तू कदाचित आली असतीस. डाव्या डोळ्यालाही तू हात लावू दिला नाहीस. "त्यालेही आता उशीरच झाला असन." शेवटची दोन वर्षं तू आवाजावरून माणसं ओळखत होतीस.

आता कुणी विचारायच्या आत मी दुसरी सिरिंज मागतो. गेल्या आठवड्यात नेरच्या एका बाईचं तसंच टणक भिंग काढलं. सकाळी पट्टी सोडली, बुबुळ स्वच्छ होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला काहीच वाटलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र पोचलं असतं तरी वाचून दाखवायला तू मलाच बोलावलं असतंस, आणि सिस्टरांनी काय विचारलं ते मी गाळलं असतं.