लांबून वर्तुळ

सोमवार, ४ मार्च

टेबलावर चेंडू ठेवला. "हा कोणता आकार?" अख्खी तिसरी ओरडली — "गोल!" धडपडी मात्र म्हणाली, "वर्तुळ." (तिचं खरं नाव हजेरीपुरतंच, दिसेल त्या बाकाला अडखळते म्हणून हे मीच ठेवलेलं.) चेंडू हातात दिला. लगेच "गोल, बाई." परत टेबलावर ठेवून तिला जागेवर पाठवलं — परत वर्तुळ! भरीव तो गोल, सपाट ते वर्तुळ, शंभरदा शिकवलंय. मुद्दाम करते कार्टी. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले.

मंगळवार, ५ मार्च

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. "त्या मुलीला पुन्हा तिसरीतच बसवायचं ना? शेरा द्या म्हणजे झालं." तिथेच लिहून टाकलं — लक्ष नाही, समज कमी. खाली सही. घरी आल्यापासून चैन नाही. तीनदा उठून दाराची कडी बघितली, लागलेलीच होती.

बुधवार, ६ मार्च

वर्गासाठी पुठ्ठ्याची इष्टिकाचिती करत होते. आठ कोपरे, त्यातला एक नेमका माझ्या डाव्या डोळ्यात! डॉक्टर म्हणाले, "तीन दिवस पट्टी. लिहिणं-वाचणं बंद." बरं. लिहितेच आहे.

गुरुवार, ७ मार्च

चहा कपाबाहेर ओतला. दोनदा. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, कप इकडे आहे गं." शाळेत टेबलाचा कोपरा मांडीत घुसला, पोरं फिदीफिदी हसली.

दुपारी मागच्या बाकावरच्या वह्या गोळा करताना सहज टेबलाकडे पाहिलं. चेंडू तिथेच होता. सपाट! फळ्यावर खडूनं काढावा तसा. जवळ जाऊन उचलला तेव्हा कुठे गोल झाला.

तेव्हापासून एकेक आठवतंय. हातात गोल, लांबून वर्तुळ. बाकांना अडखळणं. खेळाच्या तासाला एकही झेल न येणं — "लोण्याचे हात" म्हणून मीच हसले होते. लाज वाटते. तो शेरा मोठ्या बाईंच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये. उद्या सकाळी आधी धडपडीला गाठायचं, मग त्यांना.

शुक्रवार, ८ मार्च

"चल, एक खेळ खेळू." तिचा डावा डोळा तळहातानं झाकला. तिनं फळ्यावरचं सगळं धडाधड वाचलं. मग डावा सोडून फक्त उजवा झाकला.

"बाई, दोन्ही का झाकलेत?"