भुरीची कविता

प्रिय छकुले,

तू "घरात कुत्रं नको" म्हणालीस, म्हणून मी प्राण्यांच्या निवाऱ्यात जाऊन कुत्र्यांना शाळेतल्या कविता ऐकवतो. माणसाच्या आवाजाला सरावली की त्यांना घर लवकर मिळतं.

आज एक जोडपं तिथल्या भुरी कुत्रीला बघायला आलं. ती भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"ही तर ढुंकूनही बघत नाही. चल, दुसरं बघू," नवरा म्हणाला.

"काका, म्हणा की!" तिथली बाई कुजबुजली. माझ्या कवितेला भुरी उठतेच. गप्प राहिलो असतो, तर ती माझीच राहिली असती. ती दोघं दाराशी पोचली, तेव्हा कसंबसं पहिलं कडवं म्हटलं. भुरी शेपटी हलवत आली.

त्या दोघांकडून कविता पाठ करून घेतली, मगच तिला जाऊ दिलं.

हे पत्र टाकत नाही. "बाबा, मग घरीच आणायचीत ना!" असं तू आता म्हणालीस, तर सोसणार नाही.

तुझे,
बाबा